बाईंचं सख्खं कोण

मिरजगावात दुपारी दोननंतर काही घडत नाही. आमच्या घरात तर नाहीच नाही. जेवणं उरकली की बाई पुढच्या दाराला कडी घालायच्या, मधल्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वाकळ अंथरायच्या आणि मधोमध आडव्या व्हायच्या. आम्ही पाच पोरं दोन्ही अंगांना. बाहेर हायवेवरून ट्रक जायचे, त्यांची घरघर फरशीतून पाठीला लागायची आणि ती ऐकता ऐकता डोळे जड व्हायचे. आजही लहानपण आठवायचं म्हटलं की आधी ती घरघर येते, मग बाईंच्या बांगड्या, मग बाकीचं सगळं. त्यातलं आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं, हे मला विचारू नका. मला ते तसं ओळीनं आठवतच नाही.

बाईंच्या कुशीतली जागा एकच होती आणि तिचे वार ठरलेले होते. सोमवार जीवनचा, मंगळवार रोझीचा, बुधवार माझा, गुरुवार पदमचा, शुक्रवार अनूचा. शनिवार-रविवारी बाईंचे कार्यक्रम असायचे. तेव्हा ती जागा रिकामी राहायची आणि तिथं कुणी झोपायचं नाही, कितीही दाटी झाली तरी.

बाई कोण हे आमच्या जिल्ह्यात सांगावं लागत नाही. लावणीवाल्या. दोन-तीन सिनेमांत नाचलेल्या, टीव्हीवर परीक्षक म्हणून बसलेल्या, नगरला रिक्षांच्या मागं ज्यांचा फोटो असायचा त्या. एसटीचे कंडक्टर आमच्या दारासमोर घंटी मारून "बाईचं घर" असा पुकारा करायचे. तो थांबा कुठल्या कागदावर नव्हता. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं म्हणून आम्हीही बाईच म्हणायचो. फरक एवढाच की गाव अहो-जाहो करायचं आणि आम्ही अगं-तुगं. तेवढा हक्क आमचा.

लग्न त्यांनी केलं नाही. पोरं मात्र गोळा केली. गोळा केली हा शब्द त्यांचाच, मला तो कधी आवडला नाही. जीवन बौद्धांचा. आई वारली तेव्हा सात वर्षांचा होता. रोझी कारवारकडच्या सिद्दी लोकांची, ज्यांचे वाडवडील कधीकाळी आफ्रिकेतून आले. तिचा बाप हायवेच्या कामावर रोलर चालवायचा. तो गेला आणि ही इथंच राहिली. रंग काळाकुळकुळीत, केस असे कुरळे की कंगवा आत जाईल तर बाहेर येणार नाही. पदम नेपाळी, नगरला चायनीजच्या गाडीवर काम करणाऱ्या एकाचा. अनू एका पाटलाघरची चौथी मुलगी, बारा दिवसांची असताना आणून दिलेली. आणि मी मुसलमान. मी नगरच्या स्टँडवर हिरव्या दुपट्ट्यात गुंडाळलेली सापडले, आणि दुपट्टा हिरवा म्हणून बाईंनी मला मुसलमान ठरवलं. पुरावा एवढाच. आता हिरवा रंग काय, कुणीही घेतं. पण बाईंना एक मुसलमान पाहिजेच होती आणि तेव्हा हाताशी मी होते.

वकील लावून त्यांनी प्रत्येकाचे कोर्टातून पालकत्वाचे कागद करून घेतले. धर्म मात्र ज्याचा त्याला ठेवला. जीवनला विहारात धाडायच्या, रोझीला चर्चमध्ये, अनूला देवळात, आणि मला शिकवायला मौलवीसाहेबांची बायको घरी यायची. पदमचं काय करावं ते बाईंना कळेना, म्हणून त्याला मोकळा सोडला. ज्याच्या सणाला गोड जास्त, त्याच्या धर्मात तो त्या दिवशी असायचा. शिरखुर्म्याच्या दिवशी तो माझ्यापेक्षा पक्का मुसलमान असे आणि नाताळात रोझीच्या आधी तयार होऊन बसे.

तुम्ही म्हणाल, केवढं थोर काम. पेपरवालेही तेच लिहायचे. त्या थोरपणाचा मला इतका वैताग यायचा म्हणून सांगू. बाजाराच्या दिवशी बाई आम्हाला न्हाऊमाखू घालायच्या, ज्याचे त्याचे कपडे चढवायच्या आणि हातात हात देऊन रांगेनं बाजारातून न्यायच्या. घ्यायचं काही नसायचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि माघारी यायचं. लोक वांगी निवडायचं सोडून बघायचे. मी एकदा चिडून विचारलं, "बाई, आपण काय सर्कस आहोत का?"

"व्हय," बाई म्हणाल्या. "बघू दी त्यांना. बघून बघून डोळं दमलं की मंग मानूस बघायचं सोडतं. मंग तू दळन घेऊन जाशील तवा कुनी मान वर करनार न्हाई."

"आणि तोवर?"

"तोवर ताठ चाल."

खोटं कशाला बोलू, पाच-सहा वर्षांनी तसंच झालं. रोझी पिठाच्या गिरणीत गेली तर गिरणीवाला न बघताच म्हणायचा, "ठेव डबा, तासाभरानं ये." बाईंना त्या दिवशी जो आनंद झाला तो कुठला पुरस्कार मिळाल्यावरही झाला नव्हता. त्या दोनदा गिरणीत जाऊन त्याला 'ठेव डबा' म्हणायला लावून आल्या.

पाचांचं जेवण एका परातीत. दुपारी आणि रात्रीही. घरी जो कोणी येईल, मग तो आमदार असो नाहीतर सिनेमावाला, त्यानं आधी आमच्या परातीतला एक घास खायचा, मग बोलायचं. एका पुढाऱ्यानं सांगितलं, बाई, माझा उपास आहे. बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, "मंग बसा की उपास सुटस्तवर." त्याला त्यांनी खरंच बसवून ठेवला. आम्ही दुपारची झोप काढून उठलो तरी तो खुर्चीवर बसून होता आणि बाई समोर बसून त्याला पानं लावून देत होत्या. शेवटी त्यानं पदमच्या बाजूचा भात उचलला. जाताना मात्र तो बाईंच्या पाया पडला, ते मनापासून होतं की सुटकेच्या आनंदात, कोण जाणे.

बाईंची जात कुणी विचारली तर त्या "नाचनारी" म्हणायच्या. पाढे आम्ही ढोलकीवर शिकलो. त्या चुकीच्या ठेक्यात चालणाऱ्या माणसावर विश्वास ठेवत नसत. कुकरच्या शिट्ट्या सारख्या अंतरानं झाल्या नाहीत तर झाकण बदलायच्या. आणि रागावल्या की बोलायच्या नाहीत, पदर खोचून घरभर झाडू मारत सुटायच्या. घर लख्ख असलं की आम्ही समजून जायचो की आज कुणाचं तरी चुकलंय.

आता मुद्द्याचं सांगते.

गावात एक कुजबुज होती. पाचातलं एक बाईचं पोटचं आहे म्हणून. बाई मधे वर्षभर कुणाला दिसल्या नव्हत्या, तेव्हाचं. ते वर्ष कुठलं, यावर मात्र दोन माणसांचं एकमत नव्हतं, त्यामुळं ते मूल आमच्यापैकी कुणीही असू शकत होतं. शाळेत पोरी विचारायच्या, "तुमच्यातलं सख्खं कोन हाय गं?" मी खांदे उडवायची आणि घरी येऊन बाईंचं नाक आणि माझं नाक मनातल्या मनात शेजारी ठेवून बघायची. कुणाचं तरी असावं असं त्या वयात फार वाटतं. पुढंही वाटतंच, पण तेव्हा ते लपवता येत नाही.

मी नऊ वर्षांची असेन. बुधवार होता. पंखा हळू फिरत होता, बाकीचे झोपले होते, मीही निम्म्याहून अधिक झोपलेच होते. बाईंनी माझ्या कानावरचे केस मागं केले आणि अगदी हळू बोलल्या.

"कुनाला बोलायचं न्हाई. त्यो दुपट्टा माझा व्हता. तू माझ्या पोटची हायस."

मी डोळे उघडले नाहीत. उघडले तर ते पुसून जाईल असं वाटलं. मी तसंच विचारलं, "मग मी स्टँडवर कशी?"

"मी बिनलग्नाची नाचनारी. लोकांनी तुला काय काय म्हनलं असतं. आनि ह्या चौघांना काय वाटलं असतं? म्हनून तुला बी त्यांच्यातच घातली." मग म्हणाल्या, "तू सख्खी. म्हंजे तू मागं सरायचं. आधी त्यांना द्यायचं. त्यांना कुनी न्हाई."

मग त्यांचा श्वास लांब झाला. मीही झोपले. उठल्यावर मला सांगता येईना की हे खरंच ऐकलं की स्वप्नात पाहिलं. उन्हाची तिरीप सरकून कपाटापर्यंत गेली होती आणि पदम चहासाठी भुणभुण करत होता. सगळं रोजच्यासारखं होतं. आठ दिवस मी त्या धुक्यात वावरले. पुढच्या बुधवारी पडल्या पडल्या विचारलं, "बाई, ते खरं ना?" बाईंनी डोळे न उघडता माझ्या ओठांवर बोट ठेवलं. म्हणजे खरं होतं.

तेव्हापासून मी बदलले. मुलुखाची भांडकुदळ पोरगी मी, पण घरात एकदम समजूतदार झाले. खिडकीची जागा रोझीला, नवी पेन्सिल अनूला, शेवटचा लाडू पदमला. जीवन तर मोठा, त्याला मी न सांगता पाणी नेऊन द्यायची. आतल्या आत मला त्यांची इतकी कीव यायची की कधी कधी त्यांच्याकडं बघून रडू फुटायचं. बिचारे, यांना कुणी नाही. आणि मला आहे, आणि मी सांगू शकत नाही. या दुःखात जी मजा होती ती मी पुन्हा कधी अनुभवली नाही.

गंमत म्हणजे आमच्या घरात शेवटचा लाडू कुणीच खायचं नाही. तो या ताटलीतून त्या ताटलीत फिरायचा आणि तिसऱ्या दिवशी गाईला जायचा. आलेगेले म्हणायचे, काय संस्कार आहेत.

सोनईकडच्या एका गावची जत्रा आठवते. दुसऱ्या दिवशी सकाळी गावासाठी बिनतिकिटाचा खेळ असतो, त्याला हजेरी म्हणतात. मंडप खच्चून भरलेला. बाईंनी मधेच गाणं थांबवलं आणि आम्हाला वर बोलावलं. हे त्यांचं नेहमीचं होतं. एकेकानं माइकवर नाव सांगायचं, धर्म सांगायचा आणि बाईंकडं हात करून "ही माझी आई" म्हणायचं. मला त्या वेळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पाचवा हात खाली आला आणि मागून एक फेटेवाला ओरडला, "बाई, पन ह्यातलं तुमचं कोन्तं?"

मंडप हसला. बाईही हसल्या. "वळखा की. वळखलं तर म्हनाल ते गानं."

लोक इरेला पेटले. कुणी अनूकडं बोट केलं, ती गोरी म्हणून. कुणी जीवनकडं, तो ठेक्यात उभा राहतो म्हणून. एक म्हातारी माझ्याकडं बघून म्हणाली, "ह्या पोरीचं नाक बगा, नाक." माझ्या छातीत असं धडधडलं की माइकमधून ऐकू जाईल अशी भीती वाटली. कुणीतरी पदमचंही नाव घेतलं, चेष्टेनं. रोझीकडं मात्र एकानंही बोट केलं नाही. ती हसत उभी होती, हात मागं बांधून. मला वाटलं, देवा, हिला काय वाटत असेल.

बाईंनी ते पाहिलं. त्यांनी माइक घेतला. "एकालाबी वळखता आलं न्हाई," म्हणाल्या, "आता मी म्हनंल ते गानं." आणि रोझीचा हात धरून तिला शेजारी उभी करूनच त्यांनी सगळी लावणी म्हटली. त्या दिवशी परतताना मी रोझीला माझ्या वाट्याची जिलेबीही दिली. ती नको नको म्हणत होती. मी बळंच तिच्या तोंडात कोंबली.

आम्ही मोठे झालो, पांगलो. जीवन पुण्याला कारखान्यात लागला. रोझीनं नगरला पार्लर काढलं, पदमनं बापासारखी चायनीजची गाडी. मी राळेगणसिद्धीच्या अलीकडं एका शाळेत शिक्षिका झाले. अनू शेवटपर्यंत बाईंजवळ. मला पोरं वर्गात आवरत नाहीत असे दिवस पुष्कळ येतात, पण तशा दिवशीही मनात कुठंतरी ऊब असायची, की आपण कुणाच्या तरी पोटचे आहोत.

आणि मग बाईंच्या दोन्ही किडन्या गेल्या.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हा पाचांना समोर बसवलं. म्हणाले, डायलिसिसवर किती दिवस काढायचे, किडनी बदलता आली तर बघू. सख्ख्या मुलाची असली तर परवानगीला त्रास होत नाही. नुसत्या पालकत्वाच्या कागदावर ते फार अवघड जातं. मग त्यांनी सरळच विचारलं, "तुमच्यात सख्खं कोणी आहे का?"

पाचही जण फरशीकडं बघत बसलो. मला वाटलं, चौघं दुःखानं बघतायत. डॉक्टर म्हणाले, "विचार करा. ज्याला द्यायची असेल त्यानं उद्या सिस्टरकडं नाव लिहून द्या."

मला झोप कसली येते. बाईंना दिलेला शब्द मोडायचा होता. पण जीव वाचणार असेल तर शब्दाचं काय लोणचं घालायचंय? चौघांना काय सांगायचं, कसं सांगायचं, त्यांनी मला पुन्हा आपली मानलं नाही तर काय, हे सगळं डोक्यात घेऊन मी सकाळी साडेसातला दवाखान्यात गेले. कुणाला न कळवता. सिस्टर टेबलाशी वही घेऊन बसल्या होत्या. मी म्हणाले, "किडनीसाठी नाव द्यायचंय. मी त्यांची सख्खी मुलगी आहे."

सिस्टरनी माझ्याकडं पाहिलं आणि वही माझ्याकडं वळवली. "तुम्ही पाचव्या."

वहीत वरून खाली चार नावं होती. पदम, मुलगा, सख्खा. अनू, मुलगी, सख्खी. रोझी, मुलगी, सख्खी. जीवन, मुलगा, सख्खा. अक्षरं मी ओळखत होते. त्यांना शुद्धलेखन मीच शिकवलं होतं.

"तुमच्यात काय ठरतंय ते एकदा ठरवा हो," सिस्टर म्हणाल्या. "तो नेपाळी मुलगा रात्रपाळीच्या सिस्टरशी भांडून गेला. आणि ती कुरळ्या केसांची बाई शपथ घेऊन सांगते. आम्ही डॉक्टरांना काय सांगायचं?"

ते चौघं बाहेर लिंबाच्या झाडाखाली पारावर बसले होते, एकमेकांपासून हात-हातभर अंतर ठेवून. म्हणजे त्यांना कळलं होतं. मी जाऊन उभी राहिले. पदम म्हणाला, "तूपण?"

"मीपण."

मग एकेकाचं बाहेर आलं. ज्याच्या त्याच्या वारी, दुपारी, अर्ध्या झोपेत. पदमला बाईंनी सांगितलं होतं की काठमांडूला कार्यक्रमाला गेले तेव्हाचा तू. अनूला सांगितलं होतं की पाटलाचं घर म्हणजे नुसतं नाटक. सगळ्यांना शेवटी एकच, तू सख्खा, म्हणून तू मागं सरायचं. मी रोझीकडं बघत होते. मला विचारायची लाज वाटत होती. तिनंच सांगितलं.

"मला म्हणाली, तू पोटात होतीस तेव्हा मी लई जांभळं खाल्ली."

"आणि तुला पटलं?"

"आरसा होता की घरात," रोझी म्हणाली. "पण बाई म्हणाली होती ना."

जीवन मान खाली घालून बसला होता. तो आला तेव्हा सात वर्षांचा होता. त्याला त्याची आई आठवत होती, तिच्या लुगड्याचा रंगही आठवत होता. "मला बाई म्हणाली, तुला आठवते ती तुला सांभाळायला ठेवलेली होती," तो म्हणाला. "माझ्या आईला तिनं सांभाळणारी करून टाकलं. त्याचा राग अजून गेला नाही माझा. जाणारही नाही."

"मग नाव का दिलंस?"

"मी सोडून तिला कोण आहे, असं वाटलं," एवढं बोलून तो रडायला लागला. आम्ही त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

मला मात्र रडू आलं नाही, संताप आला. बावीस वर्षं. बावीस वर्षं मी यांची कीव केली, आणि हे चौघंही तितकीच वर्षं माझी कीव करत होते. म्हणजे ते नाक, तो दुपट्टा, ती ऊब, सगळं धुवूनपुसून गेलं. मी तरातरा वर गेले. बाई खाटेवर पडून होत्या, हाताला पट्ट्या, चेहरा सुजलेला. मी दारातूनच म्हणाले, "बाई, पाचही जणांनी सख्खं म्हणून नाव दिलंय."

बाईंनी डोळे उघडले. "पाचानीबी?"

"पाचांनीही."

"रोझीनं पन?"

"रोझीनंपण."

त्या हसल्या. श्वास पुरत नव्हता तरी हसल्या, मंडप भरलेला पाहून हसायच्या तशा. मग म्हणाल्या, "मला कुनाचीच घ्यायची न्हाई. डॉक्टरला सांग."

"असं कसं? माझी घे. मी कुणाला सांगणार नाही."

"एकाची घेतली की त्यो सख्खा ठरतो. मंग चौघांनी काय करायचं?"

"तू मरशील बाई."

"मरंन की. पन पाचांची मरंन."

माझा सगळा राग कुठं गेला कळलं नाही. मी खाटेशी बसले आणि लहान पोरासारखी रडले. म्हणाले, "मग मला तरी खरं सांग. एकदाच सांग. मी कोण?"

बाईंनी माझ्याकडं असं बघितलं, की वेडी का काय ही. "तुला सांगितलंय की मी," म्हणाल्या. "मी खोटं बोलते व्हय?"

डॉक्टरांनी समजावलं, जीवननं हात जोडले, अनूनं दोन दिवस अन्न सोडलं. बाई बधल्या नाहीत. पुढं त्या आठ महिने जगल्या. शेवटच्या दुपारी आम्ही पाचही जण तिथं होतो.

दवाखान्याची फाईल घरी आली, ती आता माझ्याकडं असते. जाडजूड आहे. बायकांच्या केसपेपरवर पहिल्याच पानावर बाळंतपणं किती, कधी, हे लिहिलेलं असतं; ते मला माहीत आहे आणि त्या चौघांनाही माहीत आहे. वर्षश्राद्धाला सगळे जमले तेव्हा फाईल कपाटात समोरच होती. कुणी हात लावला नाही. मीही लावत नाही. त्या चौघांसाठी लावत नाही. माझं मला ठाऊक आहे.